ठरावाच्या वहीत नसलेला रकाना

नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस उमेदवारी अर्जासोबत एक शपथपत्र जोडतो. स्वतःची, पतीची किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची रोकड, बँकेतल्या ठेवी, विम्याच्या पॉलिसी, गाड्या, सोने, शेती, प्लॉट, घर असे सगळे त्यात येते; शिवाय कर्ज, सरकारी देणी, शिक्षण आणि अंगावर असलेले गुन्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या, वाघाडी नदीकाठच्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात असा कागद उघड झाला की चार दिवस चहाच्या टपरीवर त्याला उधाण येते. कोणाकडे किती तोळे निघाले, कोणाच्या नावावर साधी मोटारसायकलही नाही, कोणी बायकोला कर्ज दिल्याचे दाखवले, यावर पैजा लागतात. मग मतदान होते, गुलाल उधळला जातो आणि कागद दप्तरात जातो. सार्वजनिक पदावरच्या माणसाने आपला आर्थिक व्यवहार लोकांसमोर ठेवावा, या कल्पनेला आपल्याकडे एवढेच काय ते रूप आले आहे. ते अपुरे आहे, आणि प्रश्नच चुकीचा निवडल्यामुळे अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. उमेदवार किती श्रीमंत आहे हे कळून मतदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. गावात जिनिंग असलेला, दोनशे एकरांचा धनी प्रामाणिक असू शकतो आणि कोरडवाहू पाच एकरवाला लबाड. तो सभेत ज्या विषयावर हात वर करणार आहे, त्या विषयात त्याचे स्वतःचे काय अडकले आहे, हे कळले तर मात्र बरेच कळते. आपला कायदा पहिली गोष्ट पाच वर्षांतून एकदा विचारतो. दुसरी विचारतो ती बहुधा सगळे होऊन गेल्यावर, तक्रार आल्यावर.

शपथपत्राचा जन्म पाहिला की त्याची मर्यादाही उमगते. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या खटल्यात २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. संसदेने कायदा करून ही अट सैल करण्याचा प्रयत्न केला, तो न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी हाणून पाडला. लोकसभा-विधानसभेची ही रीत पुढे राज्य निवडणूक आयोगांनी स्थानिक संस्थांपर्यंत आणली. तिने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंबरनाथ मतदारसंघातून २००४ साली निवडून आलेल्या किसन कथोरे यांची निवड उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली. पत्नीच्या नावचा बंगला, वीज मंडळाची थकबाकी आणि भागीदारीतला हिस्सा शपथपत्रात आला नव्हता, हे त्यामागचे कारण होते. तमिळनाडूतल्या एका ग्रामपंचायत अध्यक्षाने गुन्हे लपवले, तेव्हा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मतदारांवर टाकलेला गैरवाजवी प्रभाव ठरवला. ग्रामपंचायतीच्या पदालाही तीच मोजपट्टी लागली, ही त्या निकालातली मोठी गोष्ट. पण अंबरनाथच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला तो मे २०१४ मध्ये, ज्या विधानसभेची मुदत २००९ सालीच संपली होती तिच्याबद्दल. आणि हे दोन्ही निकाल अर्ज भरण्याच्या दिवसाबद्दलचे आहेत. निवडून आल्यावर पहिल्या वर्षी कोणती जमीन घेतली, दुसऱ्या वर्षी कोणत्या फर्ममध्ये भागीदारी झाली, तिसऱ्या वर्षी कोणाचे कर्ज अचानक फिटले, याविषयी शपथपत्र मुके आहे. खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्तेचे विवरण सभागृहाकडे द्यावे लागते. शेजारच्या कर्नाटकात महापालिकेच्या सदस्याने ते दरवर्षी द्यावे असे १९७६ चा कायदाच सांगतो. आपल्या नगरसेवकाला आणि सरपंचाला असे वार्षिक बंधन नाही.

हितसंबंधांबाबत कायदा अगदीच गप्प आहे, असे मात्र नाही. घाटंजीत एकाच गावात तीन कायदे नांदतात. नगरपरिषदेला १९६५ चा, पंचायत समितीला १९६१ चा आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना १९५८ चा. तिघांतही साधारण एकच कलम वेगवेगळ्या क्रमांकाने येते: संस्थेच्या कामात किंवा करारात ज्याचा हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. ग्रामपंचायत कायद्यातले शब्द ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत’ असे आहेत. भागीदार आला, पण नवरा, मुलगा, भाऊ, मेहुणा, पुतण्या या शब्दांत बसत नाहीत. आणि आपल्याकडचा ठेका जातो तो बहुधा याच नात्यांतून. कागदावरचा ठेकेदार वेगळा असतो, त्याने वापरलेला परवाना तिसऱ्याचा असतो आणि साइटवर उभा असतो तो सदस्याचा पुतण्या. बिल निघाले की पैसा कोणत्या घरात जातो हे सगळ्यांना माहीत असते, पण ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ म्हणून ते सिद्ध करायला निघाले की सगळे हवेत विरते.

न्यायालयांनी या शब्दांचा अर्थ कसा लावला, ते विदर्भातल्याच एका खटल्यात पाहायला मिळते. जुना मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा नगरपालिका कायदा लागू असताना एका सदस्याची निवड आव्हानित झाली, कारण त्याच्याबरोबर राहणारा मुलगा पालिकेच्या नोकरीत होता. गुलाम यासीन खान विरुद्ध साहेबराव वालसकर या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली निकाल सदस्याच्या बाजूने दिला. नुसते नाते पुरेसे नाही, हितसंबंध ठोस आणि आर्थिक स्वरूपाचा दाखवता आला पाहिजे, असे त्याचे सार होते. कायदेशीर दृष्टीने ते बरोबरच आहे. बापाला मुलाच्या पगाराबद्दल शिक्षा देणे कोणालाही पटणार नाही. पण त्यामुळे सिद्ध करण्याचा सगळा भार तक्रारदारावर आला, आणि तक्रारदाराकडे दुसऱ्याच्या घरातले हिशेब कुठून असणार? याउलट २०१२ साली गोव्यातल्या एका पंचायत सदस्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या ठेक्यात पत्नीचा हितसंबंध मानला. कारण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. घरातली चूल दोन्हीकडे एकच. पण दोडामार्गच्या अलीकडे तोच व्यवहार निर्दोष आणि पलीकडे अपात्रतेचा, कारण कायदा प्रश्न विचारताना घराकडे न पाहता मालकीहक्काच्या कागदाकडे पाहतो.

अतिक्रमणाच्या बाबतीत आपल्या कायद्याने घराकडे पाहायला सुरुवात केली आहे, आणि तो धडा शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून आला. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्र, अशी तरतूद १९५८ च्या कायद्यात आहे. कळंबा महाली इथल्या सदस्य जनाबाई यांचे म्हणणे होते की, अतिक्रमण सासरच्यांनी केलेले आहे, आपण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ते मान्य केले नाही. कुटुंबाने केलेले अतिक्रमण वापरत राहणारा सदस्यही अपात्रतेतून सुटत नाही, असे सांगून आधीचा एक निकाल त्याने बाजूला सारला. म्हणजे सरकारी जागेवरच्या दोन खोल्यांसाठी कुटुंब मोजले जाते, लाखांच्या रस्त्याच्या ठेक्यासाठी मोजले जात नाही. कायद्याची नजर गरिबाच्या भिंतीवर जितक्या चटकन जाते तितकी बिलावर जात नाही, अशी शंका इथे आल्याशिवाय राहत नाही.

आता सभागृहात जाऊ. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सदस्यांना घरपोच येते. तिच्यात प्रभागातल्या नालीच्या कामाच्या प्राप्त दरांना मंजुरी असते, गाळ्यांच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ असते, घनकचरा उचलण्याचा ठेका असतो, एखाद्या ले-आउटमधली खुली जागा ताब्यात घेणे असते आणि शेवटी ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. इतिवृत्तात प्रत्येक विषयाखाली ठराव, मग सूचक म्हणून एक नाव, अनुमोदक म्हणून दुसरे आणि बहुतेक वेळा ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. मंजुरीचा प्रस्ताव कोणी मांडला आणि कोणी उचलून धरला, हे पन्नास वर्षांनीही काढता येते. या विषयात कोणाचा संबंध आहे, त्याने तो सांगितला का, चर्चेच्या वेळी तो बाहेर गेला का, हे काढता येत नाही, कारण त्यासाठी रकानाच नाही. रूढ नमुन्यात तशी जागा ठेवलेली नाही म्हणून कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून जागा ठेवलेली नाही. खरी गंमत विकास आराखड्यात असते. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात. पण नवा रस्ता कोणत्या शेतातून जाणार, आरक्षण कुठे पडणार आणि कुठून उठणार, याची कुणकुण मसुद्याच्या किती तरी आधी मोजक्या लोकांना लागलेली असते. कापसाच्या वावराचे प्लॉट पडायला लागले की एकरावरचा भाव चौरस फुटावर येतो, आणि अशा वेळी तीन महिने आधी केलेले खरेदीखत कोणत्याही ठेक्यापेक्षा मोठी कमाई देऊन जाते. ठेक्यातला हिस्सा निदान कायद्याने निषिद्ध आहे. ही खरेदी मात्र बहुधा निषिद्धही नसते.

जळगावच्या घरकुल प्रकरणाचे उदाहरण इथे टाळता येत नाही. तिथल्या नगरपालिकेने हाती घेतलेल्या घरकुल योजनेबद्दल २००६ साली तक्रार दाखल झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटी रुपयांचा दंड झाला. शिक्षेविरुद्धची अपिले उच्च न्यायालयात गेली, म्हणून दोषाबद्दल इथे जास्त बोलणे योग्य नाही. पण तक्रारीपासून पहिल्या निकालापर्यंत तेरा वर्षे लागली आणि दोषी ठरलेल्यांत माजी नगरसेवक मोठ्या संख्येने होते, एवढे नोंदवायला हरकत नाही. हात वर करणाऱ्या प्रत्येकाला सगळे माहीत होते असे मानायचे कारण नाही. ज्या सभेत संबंध जाहीर करण्याची रीतच नसते, तिथे काही जण गुंतलेले असतात, काही गप्प असतात आणि काही खरोखर अजाण. पुढे आरोपपत्रात मात्र तिघेही एकाच यादीत येतात. हितसंबंधांची नोंद ही प्रामाणिक सदस्याची ढाल असते, ही बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

निवडून आलेल्यांबद्दल एवढे लिहिले, अधिकाऱ्यांचे काय? राज्य सरकारच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला आपल्या मालमत्तेचे विवरण कार्यालयाला द्यावे लागते, खरेदी-विक्री कळवावी लागते. म्हणजे मुख्याधिकारी कागदावर नगरसेवकापेक्षा जास्त सांगतो. फक्त तो जे सांगतो ते लोकांपर्यंत पोचत नाही. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची मालमत्ता आणि शिस्तभंगाची माहिती गिरीश देशपांडे यांनी माहिती अधिकारात मागितली होती. ती वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिला. तेव्हापासून देशभरातले जनमाहिती अधिकारी त्या निकालाचा हवाला देत आले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले ते कलम आणखी आवळले. याचा परिणाम काय झाला? राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि मतदान सुरू झाले ते २ डिसेंबर २०२५ ला. मधली तीन-चार वर्षे प्रशासक राज होते. सभा नव्हती, सूचक-अनुमोदक नव्हते, ठराव एकाच सहीने होत होते, आणि सही करणाऱ्याची मालमत्ता बंद पाकिटात होती. ज्यांची शपथपत्रे उघड होती ते घरी बसले होते.

यावर पहिला आक्षेप असा की, लहान गावात हे सगळे थेर कशाला? घाटंजीत कोणाचा कोण लागतो, कोणाचा जेसीबी कोणाच्या नावावर आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. खरे आहे, आणि तेच नोंदीच्या बाजूचे सगळ्यात भक्कम कारण आहे. सर्वांना माहीत असलेली गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांसमोर पुरावा होत नाही. यवतमाळला जिल्हाधिकारी, ग्रामपंचायतीचे असेल तर पुढे अमरावतीला विभागीय आयुक्त, मग नागपूर खंडपीठ, या वाटेवर कुजबुज पहिल्याच तारखेला गळून पडते. सदस्याच्या स्वतःच्या सहीचा कागद मात्र शेवटपर्यंत टिकतो.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरातले सोने, आईच्या नावची ठेव, मुलीच्या लग्नासाठी साठवलेला पैसा ओसरीवर का मांडायचा? कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या समुद्रकाठच्या छोट्या गावाने नेमका हाच मुद्दा घेऊन १९६९ चा कायदा न्यायालयात नेला होता. पदाशी संबंध असो-नसो, सगळ्या गुंतवणुका जाहीर करा असे तो कायदा म्हणत होता, आणि १९७० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला अतिव्याप्त ठरवून रद्द केले. त्यानंतर १९७४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेला कायदा शहाणा निघाला. तो पदाच्या कामाशी संबंध येईल तेवढेच विचारतो. जमीन विचारतो ती संस्थेच्या हद्दीतली किंवा हद्दीपासून दोन मैलांच्या आतली. राहते घर सोडून देतो. नेमका आकडा न मागता रकमेचे टप्पे देतो. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने खेडेगावच्या परिषदेच्या सदस्यालाही २८ दिवसांत आपला आणि जोडीदाराचा रोजगार, परिषदेशी असलेले करार आणि त्या भागातली जमीन नोंदवावी लागते, आणि जाणूनबुजून टाळणे हा गुन्हा आहे. आपल्या शपथपत्राने याच्या नेमके उलटे केले आहे. ते तोळे मोजते, जे पदाशी असंबद्ध आहेत, आणि ठेकेदाराशी असलेला व्यवहार सोडून देते. जमिनीबाबत तर गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही. सातबारा कोणालाही ऑनलाइन पाहता येतो, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद असते. नवी माहिती फार थोडी मागायची आहे. विखुरलेली माहिती एका नावाखाली आणायची आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो: असे नियम विरोधकांच्या हातातले हत्यार होतात, आणि पहिला वार होतो तो बाईवर. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात २०२१ साली निवडून आलेल्या महिला सरपंचाला, सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते असा ठपका ठेवून काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२४ रोजी तिला पद परत दिले आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहजपणे घालवणाऱ्या प्रशासनाला खडसावले. कळंबा महाली आणि विचखेडा ही दोन नावे शेजारी ठेवली की धोका कळतो. म्हणून चुकलेल्या नोंदीची शिक्षा थेट अपात्रता असू नये, असे मला वाटते. आधी दुरुस्तीची मुदत, मग त्या विषयावर मतदानाला बंदी, मग दंड; पद जाणे हे लपवण्याचा हेतू सिद्ध झाल्यावरच. पूर्ण मोकळीक आणि गळ्याला फास यांच्यामध्ये आपल्या कायद्याने एकही पायरी ठेवलेली नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य आहे.

राहिला बेनामीचा मुद्दा. लबाड माणूस नोंदच खोटी करेल, मग उपयोग काय? काही लबाड सुटतील, हे मान्य. पण अंबरनाथच्या प्रकरणात बंगला कोणत्या पैशाने आला हे सिद्ध करावे लागले नाही; तो लिहिला नाही, एवढेच पुरले. नोंद नसते तेव्हा तक्रारदाराला संपूर्ण भ्रष्टाचार सिद्ध करावा लागतो, आणि नोंद असते तेव्हा एक खोटी ओळ.

कायदा मुंबईत बदलेल तेव्हा बदलेल. इतिवृत्तात एक जादा रकाना ओढायला आणि सदस्यांनी स्वखुशीने हद्दीतल्या जमिनी, नात्यातले ठेकेदार आणि गाळे दरवर्षी एप्रिलमध्ये लिहून द्यावेत असा ठराव करायला घाटंजीच्या सभेला कोणी अडवलेले नाही. अशा ठरावाला कायद्याचा धाक असणार नाही, आणि जो लिहून देणार नाही त्याला कोणी काढू शकणार नाही. पण कोणाचे पान कोरे आहे हे तरी वहीत दिसेल. वही कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न त्यातल्या त्यात अवघड. नगरसेवकांची मुख्याधिकाऱ्यांकडे ठेवता येईल. मुख्याधिकाऱ्यांची त्यांच्याकडेच ठेवून चालणार नाही, ती यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेत जावी लागेल. प्रशासक नेमला गेला तर त्याने आधी स्वतःचे पान भरावे आणि मगच पहिल्या ठरावावर सही करावी.